वॉशिंग्टनचा शपथविधी, मुक्काम कोथरूड

अमेरिकेचा अध्यक्ष वीस जानेवारीला भर दुपारी बारा वाजता शपथ घेतो आणि कोथरुडात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. हाच मुहूर्त आमच्या दुपारी पडता, तर मी बँकेत असतो, कुणाला घरी बोलावलं नसतं आणि सोसायटीतली माझी इभ्रत शाबूत राहिली असती. पण रात्री साडेदहाला माणूस घरी असतो, जेवलेला असतो आणि जगाच्या भवितव्याची काळजी करायला त्याच्याकडे मोकळा वेळ असतो.

साल 2009. आदल्या नोव्हेंबरात बराक ओबामा निवडून आले तेव्हापासून मी जरा जास्तच जागतिक झालो होतो. ओहायो, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया ही नावं इतक्या सहज तोंडात यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, माझी तिकडे जमीन आहे. इलेक्टोरल कॉलेज म्हणजे काय, हे मी दूध केंद्रावर सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं आणि एकदा लिफ्ट मध्येच बंद पडली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांना बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हो?" असं बायकोनं एकदा चारचौघांत विचारलं, तेव्हा मात्र मला खोकल्याची उबळ आली.

त्यात माझी भाची व्हर्जिनियात. तिच्या अमेरिकन मैत्रिणीला शपथविधीची दोन तिकिटं मिळाली आणि त्यातलं एक हिला. ही तिकिटं फुकट असतात. आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याकडे मागायची, नशिबात असेल तर मिळतात. त्या वर्षी दोन लाख चाळीस हजार तिकिटं वाटली गेली आणि कुणी कुठल्या भागात उभं राहायचं ते तिकिटाच्या रंगावर ठरलं होतं. भाचीच्या वाट्याला जांभळा रंग आला. फोनवर म्हणाली, "मामा, टीव्हीवर नीट बघ हं. आजीनं विणलेली लाल टोपी घालणार आहे मी."

एवढ्या भांडवलावर मी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली. 'अमेरिकेच्या अध्यक्षांचा शपथविधी, थेट प्रक्षेपण, आमचे घरी, रात्री नऊपासून.' त्याखाली 'आमच्या भाचीच्या प्रमुख उपस्थितीत' असं लिहायचं मनात होतं. बायकोनं खडू हातातून काढून घेतला.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळे तिळाच्या वड्या घरात होत्याच. माणसं जमली. सोसायटीचे चेअरमन आले. इमारत बांधून झाली त्या दिवसापासून तेच चेअरमन होते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त तहसीलदार सपत्नीक आले. तळमजल्यावरचे गुरुजी आले. ते कुठलाही विधी असला की येतात. सगळे मफलर गुंडाळून माझ्या एकोणतीस इंची टीव्हीसमोर बसले आणि तिकडे उणे दोन अंशांत अठरा लाखांच्या आसपास माणसं पहाटेपासून उभी होती. मी टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसलो होतो. या अठरा लाखांतून मला एक टोपी शोधायची होती.

आणि ती दिसली! कॅमेरा गर्दीवरून फिरत होता, एका खांबाजवळ लाल टोपी. "ती बघा! ती बघा आमची!" मी ओरडलो. कॅमेऱ्यानंही मोठ्या मनानं दोन क्षण जास्त दिले. टाळ्या पडल्या. तहसीलदारीणबाई म्हणाल्या, "उभं राहणं अगदी आईच्या वळणावर गेलंय." बायको काही बोलली नाही. ती माझ्या माहेरच्या, म्हणजे तिच्या सासरच्या, माणसांबद्दल चारचौघांत सहसा बोलत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. भाचीचा. आता खुद्द वॉशिंग्टनहून सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"मामा, काय चाललंय?"

"अगं, आत्ता तुला बघितलं आम्ही! सगळ्यांनी! खांबाजवळ!"

पलीकडे नुसता कोलाहल. मग आवाज आला, "मामा, मी बोगद्यात आहे."

झालं होतं ते असं. कॅपिटॉलसमोरच्या, म्हणजे त्यांच्या संसद भवनासमोरच्या, हिरवळीखालून थर्ड स्ट्रीटचा रस्ता बोगद्यातून जातो. त्या दिवशी तो वाहनांना बंद होता. जांभळ्या तिकिटवाल्यांची रांग त्या बोगद्यात लावली होती आणि त्यांचं फाटक काही उघडत नव्हतं. हातात तिकीट असलेली हजारो माणसं तासन्‌तास काँक्रीटच्या छताखाली उभी. ना पडदा, ना आवाज, ना कुणी पोलीस सांगायला. पुढे या जागेला 'पर्पल टनल ऑफ डूम' असं नाव पडलं आणि ते इतिहासात राहिलं. भाची रांगेबरोबर सरकत बोगद्याच्या तोंडाशी आली, तेव्हा कुठे तिला रेंज मिळाली होती.

माझ्या खोलीत शांतता पसरली. चेअरमननी वडी तोंडात टाकली आणि शक्य तितक्या हळू चावली. तहसीलदार म्हणाले, "मग ती टोपी कुणाची होती?" याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. वाहिन्या तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होत्या आणि त्यात लाल टोपीवाली व्यक्ती शेवटी कॅमेऱ्याकडे वळत होती. तिला चांगली भरघोस दाढी होती.

पण त्या क्षणी भाचीनं मला वाचवलं. "मामा, इथे कुणालाच काही कळत नाहीये. तू सांग ना काय चाललंय." म्हणजे मी काय सांगायचं आहे ते लक्षात घ्या. कॅपिटॉलच्या पायऱ्यांपासून जेमतेम पंधरा मिनिटांच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांना तिथला शपथविधी तेरा हजार किलोमीटरवरच्या कोथरुडातून कळणार होता. मी ताठ बसलो, घसा साफ केला. मराठीतून मी बोलायचं, इंग्रजीतून भाचीनं ओरडायचं आणि ते तोंडातोंडी बोगद्यात मागे जायचं, अशी व्यवस्था लागली.

"अरेथा फ्रँकलिन गातायत," मी म्हणालो. "टोपीचं सांगा," बायको मागून म्हणाली, "केवढा तो बो!" टोपीचंही सांगितलं. बोगद्यातून हसण्याचा आवाज आला. हळदीकुंकवाचं निमित्त साधून बसलेल्या बायकांना एवढ्या सोहळ्यात पहिल्यांदाच काहीतरी पटलं.

मावळते उपाध्यक्ष डिक चेनी चाकाच्या खुर्चीत होते. मी खुलासा केला की नव्या घरी जायचं म्हणून खोकी हलवताना त्यांची पाठ भरली. चेअरमनना हे खरंच वाटेना. "उपाध्यक्षाला स्वतः खोकी उचलावी लागतात?" मग मला राहवलं नाही. मी सांगितलं की हा सोहळा चालू असताना तिकडे व्हाइट हाउसमध्ये त्याहून मोठं काम सुरू असतं. सकाळी जुनं कुटुंब बाहेर पडलं की घरातले कर्मचारी त्यांचं सामान गाडीत भरतात, नव्या कुटुंबाचं उतरवून कपाटात लावतात, आणि मिरवणूक आटोपून नवा अध्यक्ष घरात येतो तेव्हा त्याचे कपडे त्याच्या कपाटात असतात. सगळं पाच-सहा तासांत. राज्यघटनेच्या विसाव्या दुरुस्तीनं वेळ ठरवून दिली आहे, वीस जानेवारी, दुपारी बारा. ती दुरुस्ती 1933 ची. त्याआधी चार मार्चची वाट बघावी लागायची. 1937 साली रूझवेल्टनी पहिल्यांदा जानेवारीत शपथ घेतली.

हे ऐकताना तहसीलदार पुढे सरकून बसले होते. त्यांचा सदाशिव पेठेत वाटणीचा जुना वाडा आहे आणि त्यातल्या दोन खोल्यांत त्यांच्या आजोबांनी ठेवलेल्या भाडेकरूचं कुटुंब आजही महिना काही रुपये भाड्यानं सुखात नांदतं. दावा दिवाणी कोर्टात आहे. तहसीलदार निवृत्त झाले, दावा झाला नाही.

"बारा म्हणजे बारालाच?" त्यांनी विचारलं.

"बारालाच."

"कोर्टात न जाता?"

"सरन्यायाधीश स्वतः तिथे हजर असतात."

तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्या रात्री खोलीत लोकशाही खऱ्या अर्थानं कळलेला तो एकटाच माणूस होता.

जो बायडेन यांना न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी उपाध्यक्षपदाची शपथ दिली. मी ती बोगद्यात पोचवली. मग वादन सुरू झालं. यो-यो मा, इट्झाक पर्लमन, आणखी दोघं. थंडीनं वाद्यं बेसूर होतात म्हणून आपण ऐकलं ते आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं, हे नंतर कळलं. त्या वेळी मी "काय सूर लागलाय, प्रत्यक्षातली मजाच वेगळी" असं म्हणून मान डोलवली होती. ही मान भाचीखेरीज सगळ्यांनी पाहिली.

गुरुजींचं लक्ष घड्याळाकडे. "मुहूर्त टळला," ते म्हणाले. साडेदहा वाजून गेले होते. मी त्यांना समजावलं की बाराच्या ठोक्याला जुन्याचा कार्यकाळ संपला आणि नव्याचा सुरू झाला, म्हणजे वाजवता वाजवताच ओबामा अध्यक्ष झालेसुद्धा. "मग शपथ कशाला?" गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, काम सुरू करण्याआधी ती घ्यावी लागते, घटनेत तसं लिहिलंय, नेमके पस्तीस शब्द आहेत. आणि बँकेच्या प्रिंटरवर छापून आणलेला कागद मी फडकवला.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स पुढे आले. त्यांच्या हातात कागद नव्हता. माझ्या हातात होता. लिंकनचं बायबल मिशेल ओबामांनी धरलेलं. सुरुवातीलाच दोघांचे शब्द एकमेकांवर पडले. मग रॉबर्ट्सनी 'निष्ठेनं' हा शब्द जिथे हवा तिथून उचलून वाक्याच्या शेवटी नेऊन टाकला. ओबामा थांबले, त्यांच्याकडे बघत राहिले. रॉबर्ट्सनी दुरुस्त करायला घेतलं, ते आणखी बिघडलं, आणि ओबामांनी शेवटी पहिलंच म्हणून टाकलं. मी फोनमध्ये ओरडलो, "ओबामा चुकले!"

"ते नाही चुकले," गुरुजी मागून शांतपणे म्हणाले. "सांगणारा चुकला. यजमान बरोबर जागी थांबला होता."

गुरुजींना इंग्रजी बेताचं. पण आयुष्यभर 'मम' म्हणा, पाणी सोडा, असं करत त्यांनी हजारो यजमानांकडून संकल्प म्हणवून घेतलाय. कोण अडखळला आणि कोणामुळे अडखळला, हे त्यांना भाषा न कळताही कळतं. ते पुढे म्हणाले, "पुन्हा करावं लागेल."

मी हसलो. नुसता नाही, मांडीवर थाप मारून हसलो. "गुरुजी, हा सत्यनारायण नाही. अमेरिकेची राज्यघटना आहे." त्याच हसण्यात फोन कट झाला. "ओबामा चुकले" हे माझं शेवटचं वार्तापत्र बोगद्यात कुठवर पोचलं आणि तिथल्या माणसांनी त्याचं काय केलं, ते विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. भाची एवढंच म्हणाली की तोफांची सलामी ऐकू आली, तेव्हा तिच्याभोवतीच्या लोकांनी ओळखलं, झालं एकदाचं, आणि अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्यातल्या काही जणी रडत होत्या. पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष शपथ घेत असताना त्याच शहरात जमिनीखाली उभं राहून तो क्षण चुकवणं म्हणजे काय, हे मला टीव्हीसमोर तिळाची वडी खाताना कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आपल्याकडे बावीस तारखेच्या सकाळी, व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये रॉबर्ट्सनी काळा झगा घालून ओबामांना शपथ पुन्हा दिली. जास्तीची खबरदारी म्हणून, असं सांगण्यात आलं. बायबलही नव्हतं. शब्द मात्र पस्तीसच्या पस्तीस जागच्या जागी. मी शोधून काढलं की असं पूर्वीही झालंय. 1923 साली अध्यक्ष वारले तेव्हा उपाध्यक्ष कूलिज व्हरमाँटमध्ये वडिलांच्या घरी होते. वडील नोटरी, त्यांनी मध्यरात्रीनंतर रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात मुलाला शपथ दिली. पण नोटरीला तो अधिकार आहे का, अशी शंका निघाली आणि वॉशिंग्टनला आल्यावर ती गुपचूप पुन्हा घेतली गेली. ही माहिती घेऊन मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, आपणच पुढाकार घेऊन विषय काढलेला बरा. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दक्षिणा दुसऱ्यांदा द्यावी लागली का?"

त्या रात्रीकडे परत येतो, कारण माझा खरा घात अजून व्हायचा होता. भाषण झालं, कविता झाली. निम्मे लोक पेंगत होते. मग ओबामा पतिपत्नी बुश पतिपत्नीला कॅपिटॉलच्या मागच्या बाजूला हेलिकॉप्टरपर्यंत सोडायला गेले. तेच हेलिकॉप्टर सकाळपर्यंत 'मरीन वन' होतं, आता त्याचं नाव 'एक्झिक्युटिव्ह वन' झालं होतं, कारण आत बसलेला माणूस अध्यक्ष उरला नव्हता. आठ वर्षं, दोन युद्धं, आणि निरोपाला एक मिठी. ते उडालं आणि गेलं.

मी भारावून गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "याला म्हणतात खुर्ची सोडणं!" आणि माझी नजर, मी तिला आवरायच्या आत, चेअरमनकडे गेली.

चेअरमन वडीचा कण मिशीवरून झटकत म्हणाले, "मी आज सोडतो. घेता?"

तिथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण अठरा लाख लोकांनी 'बदल' या गोष्टीवर विश्वास ठेवलेला मी नुकताच पाहिला होता. मी उभा राहिलो. पाट पायात आला, तरी उभा राहिलो, आणि म्हणालो, "घेतो."

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी बिनविरोध निवडून आलो. मी भाषण लिहून नेलं होतं, पण चहा गार होतोय म्हणून अध्यक्षांनी ते वाचलं असं समजायला सांगितलं. जुन्या चेअरमननी मला किल्ल्यांचा जुडगा, एक फाटकी फाइल आणि पंपवाल्याचा नंबर दिला. ते त्या दिवशी ज्या पावलांनी जिना चढून गेले, त्यात हेलिकॉप्टरचं बळ होतं. लिफ्ट बंद होती.

तिकडे ओबामांनी बावीस जानेवारीला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करायच्या आदेशावर सही केली. तो तुरुंग अजून चालू आहे. इकडे मी पहिल्याच बैठकीत गळकी टाकी महिनाभरात बदलायचा ठराव केला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाशी माझं एवढ्याबाबतीत जमतं.

पुढचेही शपथविधी मी पाहिले, पण फळ्यावर सूचना लावली नाही. आणि जागा राहिलो तो फक्त अमेरिकेसाठी. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे पावणेसहाच्या सुमाराला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमाराला राजभवनात शपथविधी झाला, तेव्हा मी गाढ झोपलो होतो. उठून पेपर उचलला, तर त्यात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. टीव्ही लावला, तर देवेंद्र फडणवीस झालेले, शेजारी अजित पवार. मी बराच वेळ पेपरची तारीख तपासत होतो. ते सरकार चार दिवसांतच गेलं. माझ्या राज्याचा एवढा गाजलेला शपथविधी, माझ्याच टाइम झोनमध्ये, आणि मी चुकवला.

2021 ला हिरवळीवर माणसांऐवजी लाखभराहून जास्त झेंडे लावले होते. करोना होता आणि दोन आठवड्यांपूर्वी कॅपिटॉलवर हल्ला झाला होता. मावळते अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सकाळीच फ्लोरिडाला निघून गेले. 1869 साली अँड्र्यू जॉन्सनही असेच उत्तराधिकाऱ्याच्या सोहळ्याला गेले नव्हते. रात्री तहसीलदारांचा फोन आला. वय झालंय, पण आवाज खणखणीत.

"गेला का?"

"गेला."

"हार मान्य केली?"

"नाही केली."

"तरी बाराला खोली रिकामी?"

"बाराच्या आधीच."

पलीकडे ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वाड्याच्या दाव्याला नुकतीच पुढची तारीख पडली होती.

2025 ला मीच त्यांना फोन केला. थंडीमुळे या वेळी सोहळा आत, कॅपिटॉलच्या घुमटाखाली. असं 1985 ला रेगनच्या वेळी झालं होतं. तिकिटं घेऊन आलेली बहुतेक माणसं बाहेरच राहिली. भाचीला मी विचारलं, तर म्हणाली, "मामा, मी सोफ्यावरून बघतेय. तुला काही दिसलं तर सांग." मी तहसीलदारांना बातमी दिली, की मध्ये चार वर्षं सोडून तेच ट्रम्प पुन्हा आले. यापूर्वी हे फक्त ग्रोव्हर क्लीव्हलँडना जमलं होतं, 1893 साली.

"म्हणजे भाडेकरू परत आला?" तहसीलदारांचा आवाज एकदम खोल गेला. मी काही तपशील सांगू लागलो, पण त्यांनी फोन ठेवला होता.

चेअरमन मीच आहे अजून. तसा दरवर्षी सर्वसाधारण सभेत मी राजीनामा देऊ करतो. फक्त तो अशा वेळी देतो की लोकांचं लक्ष जेवणाच्या ताटांकडे असतं, आणि अशा आवाजात, की मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये. जुडगा आता माझ्या खिशाच्या आकाराला बसलाय. परवा पाचव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली एक मुलगी, कॉम्प्युटर कंपनीत आहे, पार्किंगची तक्रार घेऊन आली होती. बोलता बोलता तिनं भिंतीवरची पदाधिकाऱ्यांची पाटी वाचली आणि सहज विचारलं, "काका, तुमची टर्म किती वर्षांची असते?"

मी म्हटलं, "चहा घेणार ना?"